वारसा : वावरातला आणि जावातला

आर्ट्सच्या पोराने संगणकाच्या क्लासला जावे, हा आमच्याकडे अजून थट्टेचाच विषय आहे. तरी मी संध्याकाळी वाशीमला जावा शिकतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जगापुढे आणलेली ही भाषा. तिच्यात ‘इनहेरिटन्स’ म्हणजे वारसा आहे, आणि माहितीच्या कप्प्याला चक्क ‘फील्ड’ म्हणतात! सोयाबीनच्या जिल्ह्यातल्या पोराला याहून जवळचा शब्द कोणता?

समजा, ‘शेतकरी’ हा क्लास. त्यात ‘पीक’ हे फील्ड, मूल्य कापूस. आणि ‘पेरणी’ ही मेथड, बैलांची. त्याचा वारस ‘मुलगा’. त्याने पीक पुन्हा जाहीर केले, सोयाबीन. पेरणीही नव्याने लिहिली, ट्रॅक्टरची. (जावात ही नावे खरोखरच देवनागरीत देता येतात.) आता हा मुलगा ‘शेतकरी’ प्रकारच्या चलात ठेवा. पेरणी करायला सांगा, ट्रॅक्टर चालतो. पीक विचारा, उत्तर येते कापूस!

कारण मेथड कोणती, हे प्रोग्राम चालताना समोर प्रत्यक्ष कोण उभा आहे ते पाहून ठरते. हे ओव्हररायडिंग. फील्ड मात्र कंपायलर आधीच, चलाच्या जाहीर प्रकारावरून ठरवून मोकळा होतो. मुलाचे सोयाबीन बापाचा कापूस पुसत नाही, नुसते झाकते. एकाच वस्तूत दोन्ही पिके नांदतात.

आबांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून पेरणी मीच करतो. सातबाऱ्यावर नाव आबांचे. बांधावरून जाणारा म्हणतो, “आबाचं वावर यंदा बरं हाय.” पूर्वी राग यायचा. आता वाटते, बिचाऱ्याच्या हाती चलच ‘शेतकरी’ प्रकारचे!

मला झोंबले ते पुढचे. बापाची एखादी मेथड, समजा ‘हिशेब’, मुलाने न बदलता तशीच घेतली, तर मुलाच्या अंगी चालतानाही ती बापाचेच पीक वाचते. हिशेब कापसाचा निघतो. आमच्या मजुरीच्या वहीत अजून वेचणीचा रकाना आहे. सोयाबीनला वेचणी कुठली? तरी दरवर्षी मी तो आखतो आणि कोरा ठेवतो.

यावर तोड अशी की, फील्ड पुन्हा जाहीर करूच नये. बापाचेच ठेवावे, वस्तू घडतानाच कन्स्ट्रक्टरमधून त्यात आपले मूल्य भरावे. हे सारे मी आबांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले नि म्हणाले, “मंग तो येचनीचा रकाना काढून टाक ना बाप्पा.”

रकाना मी अजून काढलेला नाही.