सुईचा भार

यंत्र विकत घेणे हा पैशाचा प्रश्न आहे. त्याची पारख करणे हा कानाचा, आणि त्याहूनही अधिक धीराचा प्रश्न आहे. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय कुटुंबाने रेकॉर्डी वाजविण्यासाठी लाखांच्या घरातले यंत्र घ्यावे, हे आमच्या आप्तांपैकी अनेकांस अद्याप पटलेले नाही. गाणी आता फोनवर फुकट ऐकू येतात, मग हा खटाटोप कशासाठी, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे घर तीन पिढ्यांपासून इंदुरात आहे. वडिलांनी पगारातून पैसे बाजूस टाकून दोनशेच्या आसपास ध्वनिमुद्रिका जमविल्या. त्यांत अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या आहेत. पुढे लाँगप्लेचे युग आले, तेव्हा इंदुरातच वाढलेले अमीर खाँ आणि शेजारच्या देवासचे कुमार गंधर्व घरात आले. यांतील पुष्कळसे गाणे आज अन्यत्र मिळते. परंतु काही तबकड्यांचा दुसरा ठाव आम्हांस अजून लागलेला नाही.

तबकडीचे दुर्दैव असे, की ती ऐकली की झिजते. स्वर म्हणजे तिच्या चरीच्या भिंतींवर कोरलेली सूक्ष्म वळणे. सुई त्यांवरून घासत जाते तेव्हाच गाणे उमटते. सुईचे टोक इतके बारीक असते, की वर ठेवलेला एकेक ग्रॅम त्या बिंदूवर प्रचंड दाब होऊन उतरतो. जुन्या घरगुती रेकॉर्डप्लेयरांची सुई पाच-सहा ग्रॅम भाराने सहज चाले. ज्या तबकड्या घरात सर्वाधिक आवडत्या, त्यांच्याच काळ्या तकाकीवर आज करडी छटा दिसते. प्रेमाचीच ती झीज आहे!

यास्तव आम्ही पारख करावयास बसलो ती पहिल्याने भाराची. आमचे यंत्र टेक्निक्सचे, एसएल-१२००जी या नावाचे. १९७२ साली निघालेल्या या मालिकेचे उत्पादन २०१० मध्ये थांबले होते. २०१६ मध्ये ते याच नव्या रूपात पुन्हा सुरू झाले. यंत्र सुमारे १८ किलोचे, परंतु त्याच्या हाताची सुई आम्ही चिमुकल्या काट्यावर तोलून पावणेदोन ग्रॅमवर बसविली. एवढ्या वजनदार यंत्राची सारी थोरवी इतक्या हलक्या स्पर्शात आहे, याची आम्हांस गंमत वाटली.

दुसरी कसोटी वेगाची. लाँगप्ले मिनिटास ३३⅓ फेरे घेते. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला, तर षड्जाचा कोमल ऋषभ होतो. एका टक्क्याची चूकसुद्धा स्वरास जागेवरून ढळविते. पूर्वीच्या कित्येक यंत्रांचा वेग विजेच्या आवर्तनांवर अवलंबून असे. ती ५० वरून ४९ वर घसरली, की गायकाचा षड्जही मुकाट्याने उतरे. आमच्या यंत्राचा वेग क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या ठोक्यावर बांधलेला आहे, त्यामुळे विजेच्या लहरीपणाचा त्यास उपसर्ग नाही. आम्ही अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. या रागात पंचम नाही आणि षड्जावर विसावाही क्वचित; म्हणून श्रोत्याचा सारा भरवसा तंबोऱ्यावर. तो तंबोरा अखेरपर्यंत रेसभरही हलला नाही.

तिसरी कसोटी अधिक कठीण. तबकडी फिरते एकाच गतीने. परंतु बाहेरच्या चरीत सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर अंतर सरकते, तर आतल्या टोकाशी जेमतेम २०. म्हणजे तेवढीच तान निम्म्याहून कमी जागेत कोरावी लागते. आपल्या ख्यालाची बांधणी अशी, की संथ आलाप आधी आणि द्रुत ताना शेवटी. साहजिकच सर्वांत अवघड गाणे सर्वांत अरुंद जागेत येऊन पडते. चांगल्या तबकडीवर आमचे यंत्र तेथेही तानेचा दाणा न् दाणा निराळा दाखविते. जुन्या यंत्रावर याच जागी खरखर होई.

मात्र जी तबकडी पूर्वीच झिजली, तिच्यापुढे कोणतेही यंत्र हतबल असते. वडिलांची सर्वांत लाडकी रेकॉर्ड आम्ही मोठ्या आशेने लावली. आलाप सुंदर निघाला. द्रुत लयीत ताना फाटल्या. उत्तम यंत्र ही जखम झाकीत नाही, उलट स्पष्ट दाखविते. त्या दिवशी घरात कोणी फारसे बोलले नाही. परंतु उरलेल्या तबकड्यांचे काय करावयाचे, हे मात्र निश्चित झाले. प्रत्येकीचे गाणे एकदा नीट संगणकावर उतरवून घ्यावयाचे, रोजचे ऐकणे त्यावरून करावयाचे, आणि मूळ तबकडी सणावारी लावावयाची.

तेव्हा इतका खर्च प्रत्येकाने करावा काय? आमचे मत, नाही. हलकी सुई आणि नीट तोललेला हात असलेले साधे यंत्रही तबकडी राखण्याचे बहुतेक काम करते. त्यापुढचा पैसा स्वराच्या स्थैर्यासाठी आणि शांततेसाठी आहे. ज्यांच्या माळ्यावर रेकॉर्डी पडून असतील, त्यांनी त्या आधी खाली काढाव्यात, एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात. लाखेच्या तबकड्यांस स्पिरिट लावू नये. लाख त्यात विरघळते. त्यांची चर रुंद असते, म्हणून त्यांस सुईही निराळी लागते. आणि जुन्या यंत्रावर हौसेने रेकॉर्ड लावण्यापूर्वी सुईचा भार मोजावा. मागच्या पिढीने पोटाला चिमटा काढून आणलेले हे गाणे पुढच्या पिढीच्या कानी धड पोचवावयाचे, तर एवढी काळजी फार नव्हे.