मंगल कुठे गेला?

वरसावे

ती. आत्यास,


खाडीच्या पलीकडे वसईला तू आणि अलीकडे मी, पण नाक्यावरची कोंडी बघता रविवारच्या आधी माझं येणं होत नाही. एक काम मात्र तोवर थांबणारं नाही. फोनवर ऐकत ऐकत माऊस चालवणं तुला जड जातं, म्हणून लिहून पाठवते. हा कागद कीबोर्डशेजारी ठेव.

आधी तुझे शब्द. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले, म्हणून तू दुकानातून विंडोज ११ घालून घेतलंस. डिस्क पुसली नसेल तर जुन्या फायली सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये असतात. साधारण १० दिवसांनी विंडोज तो आपणहून काढून टाकतं, म्हणून ही घाई. त्यात यूझर्स, मग तुझं नाव, मग ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, यूप्रूफ असं आत जा. ॲपडेटा लपवलेला असतो. वर ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘हिडन आयटम्स’ केलंस की दिसेल. शेवटी ‘कस्टम डॉट डिक’ ही फाइल सापडेल. वर्डनं लाल रेघ मारली की तू ‘ॲड टू डिक्शनरी’ करायचीस ना, ते सगळे सामवेदी बोलीतले शब्द तिच्यात आहेत. ती पेन ड्राइव्हवर घे. बाकीची सेटिंग पुन्हा बसवता येतात. ज्या म्हाताऱ्यांकडून तू ते शब्द टिपलेस, त्यातली निम्मी माणसं आज नाहीत.

आता कीबोर्ड. ‘एल’ दाबून बघ. ‘त’ उमटला तर तुझा इनस्क्रिप्टच आहे, ‘ल’ उमटला तर दुकानातल्या मुलानं फोनेटिक घातलाय. सेटिंगमध्ये ‘लँग्वेज अँड रीजन’ला मराठीसमोरच्या तीन ठिपक्यांतून ‘लँग्वेज ऑप्शन्स’ उघड, साधा मराठी कीबोर्ड घे आणि फोनेटिक काढ. सरकारनं १९८६ साली प्रमाण ठरवलेली ही मांडणी, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, तुझ्या बोटांत बसलीय. ती आता कुणासाठी बदलू नकोस.

तू म्हणालीस, पानं सरकली, अक्षर वेगळं दिसतंय, पण वर नाव ‘मंगल’च आहे. वर्ड फाइलीत लिहिलेलं नाव दाखवत राहतं. फॉन्ट मशीनवर नसला तर दुसरा वापरतं, आणि अक्षरांची रुंदी बदलली की ओळी तुटतात. मंगल हा र. कृ. जोशींनी घडवलेला. पवईच्या आयआयटीत शिकवणारे, सुलेखनकार आणि कवी. विंडोज २००० पासून कितीतरी वर्षं मराठी माणसानं पडद्यावर वाचली ती त्यांची अक्षरं. विंडोज १० पासून मात्र तो मागून घ्यावा लागतो. देवनागरी अडत नाही, निर्मला हा फॉन्ट असतो आणि वाचायला चांगलाही आहे. तरी जोशींचं काम ‘पुरवणी’त गेलेलं मला मनापासून लागतं. सेटिंगच्या शोधचौकटीत ‘ऑप्शनल फीचर्स’ टाइप कर आणि यादीतून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ निवड. इंटरनेट चालू हवं. मंगलबरोबर कोकिळा, अपराजिता, उत्साहही येतील. तोवर पानं सरकलेल्या फायली उघडल्यास तर सेव्ह करू नकोस, मंगल आला की ओळी आपोआप जागेवर येतील.

श्रीलिपी फॉन्टातल्या जुन्या फायलींत इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर घाबरू नकोस. त्या काळच्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले होते. तो फॉन्ट परत आला की मजकूर परत येतो. नव्यानं टाइप करायला बसू नकोस.

पेन ड्राइव्हवरची फाइल नोटपॅडमध्ये उघडते. उघडली की छापून घे, दोन प्रती काढ. एक मी रविवारी घेऊन जाईन.

तुझी भाची