जेनचा जमाखर्च

‘जेन एअर’ शिकवायला घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच मुलं निकाल देऊन मोकळी होतात. व्हिक्टोरियन काळात बायकांवर अन्याय व्हायचा, जेन बंडखोर होती, म्हणून कादंबरी स्त्रीवादी. यातलं काहीच खोटं नाही. पण हे लिहायला कादंबरी वाचावी लागत नाही. इंग्लंडमध्ये जीसीएसई परीक्षेला इंग्रजी साहित्य घेणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी अभ्यासावी लागते आणि नेमलेल्या कादंबऱ्यांच्या यादीत शार्लट ब्राँटेचं हे पुस्तक आहे. एक्यूए मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत एक उतारा छापून येतो; त्याचा धागा धरून सबंध कादंबरीबद्दल लिहायचं, तेही पुस्तक जवळ नसताना. मग मुलांनी ठरीव वाक्यं पाठ केली तर नवल काय?

यावर एक उपाय चांगला लागू पडतो. ‘स्त्रीची भूमिका’ हा शब्दप्रयोग काही दिवस बाजूला ठेवायचा आणि फळ्यावर दोन रकाने आखायचे: रक्कम किती, आणि ती कोणाच्या हातात. शार्लटने कादंबरीत आकडे इतके चोख दिले आहेत की मुलांना ते शोधायला फार वेळ लागत नाही.

लोवुडच्या शाळेत शिक्षिका म्हणून जेनला वर्षाला 15 पौंड मिळतात. ती वर्तमानपत्रात स्वतः जाहिरात देते, थॉर्नफील्डला गव्हर्नेस म्हणून जाते आणि पगार दुप्पट होतो, 30 पौंड. शार्लटने हे हिशेब अनुभवले होते. 1841 मध्ये रॉडनच्या व्हाइट कुटुंबात तिचा पगार ठरला होता 20 पौंड. कपडे धुण्याचा खर्च कापून हातात पडायचे 16च्या आसपास. गव्हर्नेस शिकलेली असल्यामुळे नोकरांत बसत नाही आणि पगारी असल्यामुळे मालकांत बसत नाही, हे वाक्य शिक्षकाने फळ्यावर लिहिण्यापेक्षा हे आकडे लिहिले तर मुलं ते आपणच बोलून दाखवतात.

या दृष्टीने एकविसावं प्रकरण नीट, सावकाश वाचण्यासारखं आहे. मामी मरणपंथाला लागल्याचा निरोप येतो, जेन रजा मागते. प्रवासखर्चासाठी थॉर्नफील्डचा मालक रॉचेस्टर 50 पौंडांची नोट पुढे करतो. तिचे येणे फक्त 15. सुटे नाहीत असं ती सांगते आणि येण्यापेक्षा जास्त घेत नाही. त्यालाही मग सुचतं की हातात 50 पौंड असले तर ही तीन महिने परतायची नाही. तो 10 काढून देतो. ती ते घेते आणि 5 बाकी राहिल्याची आठवण करून देते. दोन मुलांनी उभं राहून हा संवाद वाचला की वर्गात हशा पिकतो. लगेच विचारावं: मालक आपणहून देत असताना ती जास्तीचे पैसे का घेत नाही?

उत्तर पुढे, दोघांचं लग्न ठरल्यानंतर मिळतं. रॉचेस्टर तिला दुकानात नेऊन रेशमी कापडं आणि दागिने घ्यायला लागतो. जेनला ते अपमानास्पद वाटतं. आपल्याकडे थोडे का होईना, हक्काचे पैसे हवेत, या विचाराने ती मदीरा बेटावरच्या काकांना पत्र लिहून लग्नाची बातमी कळवते. ते पत्र पोचतं तेव्हा काकांकडे रॉचेस्टरचा मेहुणा मेसन आलेला असतो, आणि रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत असल्याचं उघड होतं. चर्चमध्ये लग्न मोडतं, त्याच्या मुळाशी हे पत्र आहे. मुलांनी ही साखळी स्वतः जोडली की कथानक आणि स्त्री-पुरुष संबंध हे दोन वेगळे ‘मुद्दे’ उरत नाहीत.

इथे कायदा सांगायची वेळ येते. 1847 मध्ये, कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा, इंग्लंडच्या कायद्यानुसार लग्न होताच बायकोची रोकड, कमाई आणि चीजवस्तू नवऱ्याच्या मालकीच्या होत. तिची कमाई तिच्याकडे राहू देणारा कायदा 1870 मध्ये आला, संपत्तीवर पूर्ण हक्क देणारा 1882 मध्ये.

आता हीच फूटपट्टी पुरुषांना लावायची. रॉचेस्टर धाकटा मुलगा. इस्टेटीचे तुकडे पडू नयेत म्हणून बाप सगळं थोरल्याला देतो आणि धाकट्याला जमैकातल्या बर्थाशी, त्या पहिल्या बायकोशी, 30,000 पौंडांसाठी बांधून टाकतो. आतापर्यंत ‘हा मुलींचा विषय’ म्हणून मागच्या बाकावर रेललेले मुलगेही इथे सरसावून बसतात. पण तेवढ्यावर थांबू नये. दोघांचाही सौदा झाला, तरी घराच्या किल्ल्या एकाकडे राहिल्या आणि दुसरी माळ्यावर कोंडली गेली. बर्थाची बाजू कादंबरीत कुठेच येत नाही. ती जीन ऱ्हिस या डॉमिनिकात जन्मलेल्या लेखिकेने 1966 मध्ये ‘वाइड सारगासो सी’ या कादंबरीत मांडली. त्यातली दोन पानं सोबत वाचली तरी पुरे.

लग्न मोडल्यावर रॉचेस्टरबरोबर तसंच राहायला नकार देऊन थॉर्नफील्ड सोडताना जेनकडे 20 शिलिंग असतात आणि ते गाडीभाड्यातच संपतात. पुढे काकांचे 20,000 पौंड मिळतात, तेव्हा ती सापडलेल्या तीन आतेभावंडांत सारखे वाटून 5,000 ठेवते. त्यांतला सेंट जॉन तिला हिंदुस्थानी शिकवतो आणि मिशनरीची बायको म्हणून भारतात चल म्हणतो. बहीण म्हणून यायला ती तयार आहे, बायको म्हणून नाही. पोटापाण्याची सोय झालेली असताना दिलेला हा नकार आणि आधीचा, कफल्लक होऊन दिलेला नकार, यांत काय फरक आहे? निबंधाला यापेक्षा चांगला प्रश्न शोधूनही मिळायचा नाही.

जेन रॉचेस्टरकडे परत जाते, त्या शेवटावर मात्र वर्गात भांडण व्हायलाच हवं. रॉचेस्टरची दृष्टी गेली, एक हात गेला, मगच जेन त्याच्या बरोबरीची झाली का? शिक्षकाने निवाडा करू नये. दोन्ही बाजूंना पुस्तकातला पुरावा मागावा.

शार्लटने स्वतः 29 जून 1854 रोजी आर्थर बेल निकल्सशी लग्न केलं. त्याआधी तिने रीतसर करार करून आपले पैसे विश्वस्ताच्या नावे, स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवले होते. पुढच्या फेब्रुवारीत तिने मृत्युपत्र केलं आणि सगळं नवऱ्याला दिलं, स्वतःच्या सहीने.