क्लिअर्ड... म्हणजे नेमकं काय?

डिसेंबरातली सकाळची मुंबई-नागपूर फ्लाइट कधी घेतलीय? खिडकीची सीट मिळाली तर खाली ढगांचा नुसता कापूस. मग पोटात गोळा येतो, चाकं खाली आल्याचा आवाज होतो, बाहेर पांढऱ्याशिवाय काही नाही. आणि एकदम कापूस फाटतो, समोर सोनेगाव! शेजारच्या काकांनी तोवर मोबाइल ऑनसुद्धा केलेला असतो.

मी मात्र दरवेळी सीटचा हात घट्ट धरते. म्हणून यावेळी उतरल्यावर मावसभावाला गाठलं. दादा पायलट आहे, नेमका सुट्टीवर होता. वर्धा रोडवरच्या टपरीवर तर्री-पोहे समोर आल्यावर विचारलं, "ढगात तुला दिसतं तरी काय?"

"काहीच नाही बाप्पा. दोन खुणा पाहत राहतो स्क्रीनवर."

हा आयएलएसचा फंडा. एक रेडिओ सिग्नल सांगतो डावीकडे सरकलात की उजवीकडे, दुसरा सांगतो साधारण तीन अंशांच्या उतारावर आहात की नाही. साध्या आयएलएसवर जमिनीपासून २०० फुटांपर्यंत रनवे किंवा त्याचे दिवे दिसले तर उतरायचं, नाहीतर पुन्हा वर. नागपुरात थ्री-टू रनवेला आयएलएस आहे, म्हणजे विमान आग्नेयेकडून येतं. गंमत म्हणजे नागपूरच समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर, त्यामुळे त्या क्षणी कॉकपिटमधला उंचीचा आकडा बाराशेच्या आसपास असतो.

"पण खरा घोळ शब्दांचा आहे," दादा म्हणाला. "कंट्रोलर म्हणतो, क्लिअर्ड फॉर आयएलएस ॲप्रोच. तू काय समजली?"

"या, उतरा!"

"हेच तर! सगळे असंच समजून राहिले."

ही परवानगी फक्त त्या वाटेने येण्याची. उतरायची परवानगी, 'क्लिअर्ड टू लँड', वेगळी मिळते. आणि उंची? चार हजारवर राहा असं आधी सांगितलं असेल, तर चार्टवरच्या वाटेवर पोचेपर्यंत चार हजारच. बॉसच्या 'गो अहेड'चा अर्थ बजेट मंजूर असा घेणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

हा नियम फार महाग पडलाय. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे निघालेलं टीडब्ल्यूएचं ५१४ नंबरचं विमान बरंच लांब असतानाच ॲप्रोचसाठी क्लिअर झालं. चार्टवर त्या टप्प्यासाठी ३४०० फूट लिहिलंय, हे कॅप्टनच्या लक्षातही आलं होतं. पण कंट्रोलरने क्लिअर केलंय म्हणजे १८०० पर्यंत उतरायला हरकत नाही, असा अर्थ त्याने लावला. कंट्रोलरला वाटत होतं, उंची सांभाळणं पायलटचं काम. विमान डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं विमान तिथेच असंच खाली येऊन थोडक्यात वाचलं होतं, पण टीडब्ल्यूएच्या पायलटांपर्यंत ती गोष्ट पोचलीच नाही. मला सगळ्यात जास्त हे लागलं. त्यानंतर अमेरिकेत नियमाचे शब्द पक्के झाले, आणि अशा चुका पायलटांनी न घाबरता कळवाव्यात म्हणून १९७६ मध्ये वेगळी यंत्रणाही उभी राहिली.

"आपल्याकडेही झालंय," दादा म्हणाला. ७ जुलै १९६२, जुन्नर. मुंबईत उतरायला येणारं अलितालियाचं डीसी-८ ऐन पावसाळ्यातल्या रात्री डोंगरावर आदळलं. मुंबई प्रत्यक्षापेक्षा जवळ आलीय असं वाटून ते आधीच सुरक्षित उंचीच्या खाली गेलं होतं. ९४ पैकी कुणीच वाचलं नाही. ट्रेकला जुन्नरला कितीदा गेलेय मी, हे माहीतच नव्हतं.

तेवढ्यात टपरीवाल्या भाऊंनी विचारलं, "तर्री?" दादा म्हणाला, "थोडी." प्लेट काठोकाठ भरली.

संध्याकाळी मेट्रोने परतताना वर्धा रोडवर आग्नेयेकडे एक दिवा दिसला, जागच्या जागी थांबल्यासारखा. आत कुणीतरी कंट्रोलरचे शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवत असणार. तसं म्हणावंच लागतं, दादाने सांगितलं होतं. एअरपोर्ट स्टेशन येईपर्यंत मी त्या दिव्याकडेच बघत होते.