जांभा करडा झाला तेव्हा

खेडच्या एका निवृत्त मास्तरांना पुण्याहून स्कॅन होऊन आलेल्या फोटोंत स्वतःचंच घर ओळखू येईना. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत सिमेंटच्या ठोकळ्यांसारखी, अंगण राखाडी. दुकानदाराने वर ऐकवलं, "स्लाइड्स लाल पडल्या होत्या, आम्ही नीट करून दिल्या." चित्राची सरासरी करडी असावी, असं रंग सुधारणारी स्वयंचलित बटणं बहुधा गृहीत धरतात. कोकणात माती लालच असते, हे त्यांना कोण सांगणार! मास्तर आजही त्या दुकानाचा विषय निघाला की चिडतात.

स्लाइड्सची पेटी माळ्यावर होती, म्हणून जुलै २०२१ मध्ये जगबुडीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा वाचली. दमट हवेने मात्र सोडलं नाही. काही स्लाइड्सवर बुरशीची जाळी होती. (ती पाण्याने पुसायला जाऊ नये, बुरशीने पोखरलेला थर चित्रासकट विरघळू शकतो.) बहुतेक स्लाइड्स ओर्वोच्या. पूर्व जर्मनीची ही फिल्म फोटो काढले त्या काळी भारतात सर्रास मिळे. बोटीवर नोकरीला असलेल्या भावाने आणलेल्या कोडाक्रोमच्या थोड्या स्लाइड्सही त्याच पेटीत होत्या, आणि त्या टवटवीत! कोडाक्रोम अंधारात फार टिकते.

ओर्वोमधलं सायन, म्हणजे निळसर-हिरवं रंगद्रव्य, विरलं होतं. ते लाल प्रकाश अडवतं. तेच गेल्यावर लाल मोकाट सुटला. पण सगळीकडे सारखा नाही. पांढऱ्या सदऱ्यात मुळात रंगद्रव्य जवळजवळ नसतंच, मग विरणार काय? आंब्याखालची सावली मात्र लालभडक. त्यामुळे सदरा दाखवून 'हे पांढरं समज' असं संगणकाला सांगितलं, तरी सावली होती तशीच.

मुंबईच्या पुतण्याने स्लाइड्स नव्याने स्कॅन केल्या, तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे उघडले आणि लालचं काळं टोक आत ओढलं. सावली काळी झाली. मग मधल्या छटांवर वाद पेटला.

"काका, भिंत खरंच एवढी लाल होती?"

"होती. चिरा नवा होता तेव्हा."

आजची भिंत पुरावा म्हणून कुचकामी. ती काळवंडलेली, शेवाळलेली. शेवटी एका स्लाइडमध्ये उघडी काळी छत्री सापडली. तिच्यावर ऊन पडून आलेला करडेपणा निखळ करडा होईपर्यंत लाल कमी केला, आणि तेच माप घराच्या बाकी चित्रांना लावलं. मास्तरांनी तरीही भिंतीपुरता थोडा लाल वाढवून घेतला. पुतण्याला ते पटलेलं नाही.

दुकानाने फक्त जेपेग दिले, ही खरी चीड आणणारी गोष्ट. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. विरलेला रंग ताणला की आकाशात पट्टे उठतात. सोळा बिटच्या टिफमध्ये ६५,५३६ असतात. स्लाइड्स बाहेर द्यायच्याच तर न सुधारलेली टिफ आधी मागावी.

आग्र्याच्या सहलीच्या स्लाइड्स आल्या तेव्हा मास्तरच म्हणाले, "दाब ते बटण, किती वेळ घालवायचा?" ताजमहाल लख्ख पांढरा आला. किल्ल्याचा लाल दगड पार फिका पडला, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.