आदल्या रात्रीचं सॅलड

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे अमेरिकेतला थँक्सगिव्हिंग. त्या दिवशी टर्कीने सकाळपासून ओव्हन अडवलेला असतो, शेगड्यांवर बटाटे आणि ग्रेव्ही असते. पाहुणे यायच्या वेळी भाज्या चिरत बसायला सवड कुठली? म्हणून इथल्या कितीतरी घरांतल्यासारखं माझ्याही घरी सात थरांचं सॅलड बुधवारी रात्रीच फ्रिजमध्ये जातं.

कोशिंबिरीवर वाढलेल्या मराठी माणसाला हे पटायला जड जातं. काकडी चोचवून ठेवली तरी मीठ मात्र पानं वाढताना घालायचं, ही आपली शिस्त. मीठ लागलं की पाणी सुटतं आणि कोशिंबिरीचा पार लगदा होतो. सात थरांचं सॅलड हीच शिस्त पाळतं. फक्त आपण मीठ वेळेने लांब ठेवतो, इथे ते जागेने लांब ठेवतात. मीठ सगळ्यात वर, पानं सगळ्यात खाली आणि मधे कोरडे, घट्ट थर. एवढं कळलं की कृती वाचावी लागत नाही.

तळाला आइसबर्ग लेट्यूस. धुतल्यावर ते फिरकीच्या भांड्यात निथळून घ्यायचं आणि वर कापडावर पसरायचं. राहिलेलं पाणी तळाशी उतरतं आणि सकाळपर्यंत पानं मऊ पडतात. त्यावर सेलरी, मग पातळ चिरलेला लाल कांदा. फ्रोझन मटार उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, टिपून घ्यायचे. टोमॅटोला या उतरंडीत जागा नाही. हवाच असेल तर वाढताना वरून.

मग अंडी. पाणी उकळल्यावर दहा-बारा मिनिटं पुरतात, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. जास्त शिजली की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन बलकाभोवती हिरवट कडा धरते. काचेच्या भांड्यात ती लपत नाही. चकत्या काचेला टेकवून लावल्या की बाहेरून पिवळ्या-पांढऱ्या चकत्यांची ओळ दिसते.

त्यावर मेयोनीज. मीठ, लिंबू, चिमूटभर साखर, जे काही घालायचं ते यातच. चमच्याच्या पाठीने ते कडेपर्यंत न्यायचं, काचेला चिकटेपर्यंत. कुठेही फट नको. या दाट थराखाली हवा पोचत नाही, त्यामुळे भाज्या सुकत नाहीत. वर किसलेलं चेडर चीज. मेयोनीज सोडून मोजलं तर सातवा थर बेकनचा, आणि तो मात्र गुरुवारचा. कुरकुरीत जिन्नस रात्रभर ओलाव्यात ठेवला की चिवट होतो. शाकाहारी पाहुण्यांसाठी अंड्यांशिवायचं वेगळं भांडं लावते. त्यात मेयोनीजही बिनअंड्याचं आणि वर बेकनऐवजी भाजलेले शेंगदाणे. दाण्यांवाचून कोशिंबीर नाही, मग सॅलडला तरी का वगळा?

टेबलावर आल्यावर ढवळू नका. डाव सरळ तळापर्यंत घाला आणि सगळे थर एकदम उचला. दोन तासांच्या आत भांडं परत फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे. अंडी आणि मेयोनीज बाहेर रेंगाळू द्यायची नाहीत.

या सॅलडची खरी किंमत चवीपेक्षा वेळेत आहे. सणाला रांधणारी बाई सगळ्यांत शेवटी जेवते, हे आपण दोन्ही देशांत पाहत आलो आहोत. जे आदल्या रात्री होतं ते आदल्या रात्रीच करा, आणि सणाच्या दिवशी पहिल्या पंगतीला बसा.