आडवाटेचे प्यादे

राजाच्या किंवा वजिराच्या पुढचे प्यादे दोन घरे सारून बुद्धिबळाच्या डावाला प्रारंभ करणे हा राजमार्ग होय. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वर्दळीने तो इतका गुळगुळीत झाला आहे की, त्यावरून चालणाराला पहिल्या दहाबारा खेळ्यांत विचार करावाच लागत नाही. माझा सोळा वर्षांचा भाचा त्या पाढ्यांसारख्या म्हणून दाखवतो. संगणकाच्या पडद्यावर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळू लागल्यावर मला कळून चुकले की, पलीकडचा अनोळखी खेळाडूही बहुधा अशाच पाठांतराच्या पुंजीवर गबर असतो. साठी उलटलेल्या माणसाने या सावकाराशी त्याच्याच पेढीवर व्यवहार का करावा?

म्हणून मी एक आडवाट शिकलो. पांढऱ्याने वजिराकडील घोड्यापुढचे प्यादे दोन घरे ढकलायचे आणि रिकाम्या झालेल्या घरात उंट बसवून लांबच्या कर्णावर नजर रोखायची. १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेच्या दिवसांत टार्टाकोव्हर हा विनोदप्रिय उस्ताद तेथील प्राणिसंग्रहालयात सुसान नावाच्या ओरांगउटान वानरीला भेटून आला आणि मारोत्सीविरुद्ध त्याने हीच खेळी केली. तेव्हापासून तिला त्या वानरीच्या जातीचे नाव चिकटले. पुढे १९६३ साली सोकोल्स्की या सोव्हिएत खेळाडूने तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. काळ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे आणून उंटाने आपले बाजूचे प्यादे खाल्ले, तर आपला उंट त्याचे ते मध्यावरचे प्यादे टिपतो. सौदा वाईट नाही!

या खेळीत जादू मात्र नाही. सावध प्रतिस्पर्ध्याने शांतपणे मोहरी बाहेर काढली, तर त्याचे काहीच बिघडत नाही. परंतु १८० सेकंदांपैकी २० सेकंद तो पहिल्याच खेळीपुढे थबकला, म्हणजे त्याच्या आयुष्याचा नववा हिस्सा सरला!

“मामा, समोरच्याला गोंधळात पाडून जिंकायचं, यात कसलं आलंय शौर्य?” भाच्याने एकदा विचारले. प्रश्न बोचरा होता.

“अरे, तिथे मीही गोंधळलेलाच असतो,” मी म्हटले.

आणि ते खरेच आहे. सहाव्या-सातव्या खेळीला आम्हा दोघांचेही पाठांतर सरते. मग उरतात ती पट, घड्याळ आणि ज्याची त्याची अक्कल. अलीकडे ओळखीच्या माणसांची नावे जिभेवर येता येता निसटतात. अशा वयात स्मरणावर न विसंबता जागच्या जागी काही सुचते की नाही, याची परीक्षा मला हवीहवीशी वाटते. पुष्कळदा मी हरतो. पण ती हार माझ्या स्वतःच्या विचाराची असते, आणि उसन्या खेळ्यांनी मिळालेल्या विजयापेक्षा ती मला अधिक आपली वाटते.